विनंतीचा कागद कामाच्या वहीतच असावा

आपल्या घरांतून संगणकाच्या व्यवसायात गेलेली मुले-मुली आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांतील तरुण कचेरीत किंवा घरच्याच माडीवर बसून दिवसभर पडद्यावर काही लिहीत असतात. काय चालले आहे असे विचारले, तर ‘एपीआय टेस्ट करतो आहे’ एवढे उत्तर मिळते आणि वडीलधाऱ्यांचे कुतूहल तेथेच खुंटते. ह्या कामाचा एक छोटा भाग आज आम्ही वाचकांपुढे उलगडून ठेवणार आहोत. तो समजण्यास कठीण नाही. शिवाय त्यात आपल्या भाषेच्या, किंबहुना आपल्या नावांच्याच हिताचा एक प्रश्न गुंतलेला आहे.

एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडे काही मागावयाचे, तर ते कोणत्या पत्त्यावर, कोणत्या नमुन्यात मागावे ह्याचे नियम आधी ठरलेले असावे लागतात. अशा ठरलेल्या नियमांनी चालणाऱ्या खिडकीला एपीआय म्हणतात. ही देवघेव बहुधा एचटीटीपी ह्या पद्धतीने होते. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधनसंस्थेत 1989 ते 1991 ह्या काळात जे वेब उभारले, त्याचीच ही पद्धत. तिची थोरवी अशी, की विनंती साध्या अक्षरांत लिहिता येते आणि माणसालाही वाचता येते. 2015 नंतरच्या आवृत्त्यांत प्रत्यक्ष प्रवासात तिचे रूप बदलले, परंतु तिच्यातील भाग आणि त्यांचा अर्थ कायम राहिला.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या गावच्या मराठी ग्रंथालयाची सभासदसूची संगणकावर चढवावयाची आहे. नवा सभासद नोंदविण्याच्या विनंतीत पहिल्या ओळीत क्रियापद आणि पत्ता येतो. माहिती नुसती पाहावयाची असेल तर ‘गेट’, नवी नोंद धाडावयाची असेल तर ‘पोस्ट’, पुसून टाकावयाची असेल तर ‘डिलीट’. त्याखाली शीर्षओळी येतात : मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, मागणारा कोण आहे, त्याची ओळख काय. मग एक ओळ कोरी सोडावयाची आणि तिच्याखाली सभासदाचे नाव, पत्ता, वर्गणी असा मूळ मजकूर लिहावयाचा. ती कोरी ओळ राहून गेली, तर शीर्षओळी कोठे संपल्या हेच पलीकडच्याला कळत नाही.

उत्तर येते तेही आकड्याने सुरू होते. 200 म्हणजे काम झाले; 201 म्हणजे नवी नोंद तयार झाली; 400 म्हणजे विनंतीच्या मांडणीत दोष आहे; 401 म्हणजे ओळख पटली नाही; 404 म्हणजे मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर नाही; आणि 500 म्हणजे बिघाड पलीकडच्या सर्व्हरमध्येच आहे. हे सहा आकडे ओळखता आले, म्हणजे दोष आपला की समोरच्याचा, हा अर्धा वाद मिटतो.

ह्या विनंत्या धाडून पाहण्याची साधने जुनी आहेत. आज्ञेची एक ओळ लिहून विनंती पाठविणारे ‘कर्ल’ 1998 पासून आहे. 2012 साली बंगळूरमध्ये ‘पोस्टमन’ जन्मास आले आणि रकाने भरून, बटण दाबून विनंती धाडण्याची सोय जगभर पसरली. सोय मोठी खरी. परंतु तीत एक उणीव होती. प्रोग्रॅम एका जागी आणि त्याची परीक्षा घेणाऱ्या विनंत्या दुसऱ्या जागी, अशी फारकत पडली. प्रोग्रॅम बदलला तरी विनंत्या जुन्याच राहत. काम करणारा नोकरी सोडून गेला, की त्याच्या विनंत्याही त्याच्यासंगे जात.

म्हणून अलीकडच्या काळात अनेकांनी निराळा मार्ग धरला : ज्या एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहावयाचा, त्याच एडिटरमध्ये विनंतीही लिहावयाची. 2015 साली आलेल्या व्हीएस कोड ह्या एडिटरला ‘रेस्ट क्लायंट’ नावाची जोडणी मिळते. जेटब्रेन्सच्या एडिटरांतही अशी सोय आहे, आणि 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओनेही ती स्वीकारली. रीत अगदी सरळ आहे. ‘एचटीटीपी’ हे शेपूट लावलेली एक साधी फाईल उघडावी. वर सांगितल्या मांडणीने विनंती लिहावी. दोन विनंत्यांच्या मध्ये तीन ‘#’ चिन्हांची ओळ टाकावी. व्हीएस कोडमध्ये प्रत्येक विनंतीच्या डोक्यावर ती पाठविण्याची कळ दिसते. ती दाबताच शेजारच्या अर्ध्या पडद्यावर उत्तर उमटते. पत्ता वारंवार लिहावा लागू नये म्हणून त्याला एक नाव देऊन ते दुहेरी महिरपी कंसांत वापरता येते. जेटब्रेन्सच्या फाईलीत तर ‘उत्तर 201 आलेच पाहिजे’ अशी अटही लिहून ठेवता येते, म्हणजे माणसाने डोळ्यांत तेल घालून बसावे लागत नाही.

ह्याचा खरा लाभ वेळेच्या बचतीहून मोठा आहे. फाईल साध्या अक्षरांची असल्यामुळे ती प्रोग्रॅमबरोबरच जतन होते. कोणी, केव्हा, कोणता बदल केला ह्याची नोंद राहते. पाच वर्षांनी नवा माणूस आला, तरी ही खिडकी कशी चालते हे त्याला ती फाईल वाचून उमगते. 2023 साली पोस्टमनने खाते न उघडता विनंत्यांचे संग्रह बाळगण्याची जुनी सोय बंद केली, तेव्हा आपला संग्रह कोणाच्या कपाटात आहे, हा प्रश्न पुष्कळांना प्रथमच पडला. ज्यांचे कागद स्वतःच्याच वहीत होते, त्यांना तो पडण्याचे कारण नव्हते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली किल्लीची. विनंतीत ओळख पटविणारा गुप्त शब्द असतो. तो विनंतीच्या फाईलीत लिहिला आणि फाईल सर्वांसाठी खुली झाली, तर तिजोरीची किल्ली दारावर टांगल्यासारखे होते. पुढे तो शब्द पुसला तरी जुन्या नोंदींत शिल्लक राहतोच. तेव्हा तो उघड होताच रद्द करून नवा घ्यावा लागतो. असे शब्द निराळ्या फाईलीत ठेवावेत आणि ती फाईल सामाईक संग्रहात मुळीच जाऊ देऊ नये. दुसरी गोष्ट क्रियापदाची. ‘गेट’ चार वेळा पाठविले तरी हरकत नाही, कारण पाहण्याने काही बदलू नये असाच संकेत आहे. ‘पोस्ट’ दोनदा गेले, तर एकाच सभासदाची दोनदा नोंद होऊ शकते. वर्गणीचा व्यवहार असेल तर दोनदा पैसे वळते होतील. यास्तव परीक्षेसाठी खोट्या माहितीचा निराळा सर्व्हर असावा, आणि खऱ्या सर्व्हरचा पत्ता त्या फाईलीत सहज हाती लागेल असा नसावा.

आता आपल्या नावांविषयी. परीक्षा कितीही चालविल्या, तरी त्यांत सोपेच प्रश्न विचारले तर उत्तीर्ण होण्याला किंमत ती काय? पुष्कळ ठिकाणी रोमन लिपीतील एखादे चार-पाच अक्षरी नाव धाडून परीक्षा संपविली जाते. ग्रंथालयाच्या सूचीत मात्र ‘ज्ञानेश्वर’ असतात. आपण वाचताना ह्या नावात चार अक्षरे मोजतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात ज, हलन्त, ञ, काना असे करीत दहा घटक होतात. यूटीएफ-8 ह्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटे घेतो, म्हणजे एकूण तीस बाइटे झाली. रोमन लिपीत ‘डी’पासून ‘आर’पर्यंत लिहिलेले तेच नाव अकरा बाइटांत मावते. रकाना वीस बाइटांचा ठेवला असेल आणि सर्व्हर मुकाट्याने उरलेले कापत असेल, तर ‘ज्ञाने’ एवढेच उरते आणि पुढे एक मोडके चिन्ह. आकडा मात्र 201 येतो! म्हणून नुसता आकडा पाहून भागत नाही. धाडलेले नाव ‘गेट’ करून परत मागवावे आणि अक्षरशः ताडून पाहावे.

‘कऱ्हाडे’ ह्या आडनावाची गंमत आणखी निराळी. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच घटकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन घटकांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सर्व्हरने दोहोंना एका रूपात आणण्याची व्यवस्था केली नसेल, तर एका पद्धतीने नोंदविलेले कऱ्हाडे दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाहीत आणि उत्तर येते, असा सभासद नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांना नावाची मोडतोड नवी नाही. दुसऱ्या भाषेच्या दफ्तरांत ‘ळ’ची जागा ‘ल’ने घेतलेली आपण नेहमी पाहतो. पण ही मोडतोड आपणच उभारलेल्या सूचीत व्हावी, हे आपल्याला मान्य होणार नाही.

ह्यावरचा उपाय अवघड नाही, आणि त्यात घरातील वडीलधाऱ्यांचाही वाटा आहे. ज्ञानेश्वर, कऱ्हाडे, कुलकर्णी, गोळे, टिळक, कृष्णाबाई अशी दहा-वीस खरीखुरी मराठी नावे एका कागदावर काढून द्यावीत. जोडाक्षर, ऋकार, ‘ळ’, अर्धचंद्र, अवग्रह असे सगळे त्यांत येऊ द्यावे. काम करणाऱ्या तरुणांनी प्रत्येक नावासाठी एक विनंती त्या साध्या फाईलीत लिहावी, तिच्या शेजारी अपेक्षित उत्तर मराठीत टिपून ठेवावे आणि प्रोग्रॅममध्ये लहानसा जरी बदल झाला, तरी ती सर्व पुन्हा धाडून पाहावीत. फाईल प्रोग्रॅमच्या शेजारीच असल्यामुळे ह्या कामास काही मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही. आणि पुढे काम ज्यांच्या हाती जाईल, त्यांना मराठी येत नसले तरी कोणती नावे शाबूत राहिली पाहिजेत, हे त्या कागदावरूनच कळेल.