आरसीबीचा नवा मालक आणि आपली सांगली

सांगलीच्या विश्रामबागेत रॉयल चॅलेंजर्स बंगळूर (आरसीबी) या क्रिकेट संघाचा मालक कोण याची चर्चा फारशी होत नव्हती. पण नोव्हेंबर 2025 मध्ये संघाची तेव्हाची मालक कंपनी युनायटेड स्पिरिट्सने आरसीबीतल्या गुंतवणुकीचा फेरविचार जाहीर केला, आणि संघ विकला जाण्याची चिन्हं दिसू लागली. आपल्याला यात रस का? माधवनगरला वाढलेली स्मृती मानधना आरसीबीच्या महिला संघाची कर्णधार, म्हणून!

महिला प्रीमियर लीगमधला हा संघ जानेवारी 2023 मध्ये 901 कोटींना घेतला गेला. महिनाभरात स्मृतीवर 3 कोटी 40 लाखांची बोली लागली, त्या लिलावातली सर्वात मोठी. आणि पहिल्या हंगामात काय झालं? सलग पाच पराभव. आठ डावांत स्मृतीच्या धावा फक्त 149. दुसऱ्या कुणी कर्णधार बदलला असता. इथे बदलला नाही, आणि 17 मार्च 2024 ला दिल्लीत करंडक उचलला तो आपल्या मुलीने. पुरुष संघाला आयपीएलचं पहिलं विजेतेपद मिळायला 2025 उजाडलं.

नव्या मालकाकडून मला आधी हाच धीर हवा. महिला संघाला पुरुष संघाची शेपटी समजू नये. त्या 2025 च्या जल्लोषात बंगळूरला चेंगराचेंगरीत 11 जण गेले. चाहत्यांच्या सुरक्षेवरचा खर्च वायफळ मानणारा मालक तर नकोच.

आणखी एक, अगदी मनापासून: खेळाडू शोधणारी माणसं सांगली-मिरजेच्या मैदानांवरही पाठवा. क्रिकेटपटू विजय हजारे याच सांगलीत जन्मले होते.