चिंधीतून फुललेला संसार

गरिबीच्या संसारात सुई ही हौसेची वस्तू नसते. चुलीजवळच्या फुंकणीइतकीच ती गरजेची असते. फाटले की टाका, विरले की ठिगळ, आणि ठिगळालाही जागा उरली नाही की गोधडी. आमच्या आया-आज्यांनी असेच संसार शिवले. वर जुने लुगडे, खाली जुने लुगडे, मध्ये धोतराचे तुकडे, सदऱ्याची पाठ, बाळाचे टोपडे. कडेपासून धावदोरा घालायचा आणि एकेक ओळ आत सरकत मधोमध यायचे. ओळी दूर गेल्या तर धुताना आतली चिंधी गोळा होते, म्हणून टाके जवळजवळ. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली नव्हती. थंडीने शिकवली.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा आमच्या माणसांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि कित्येकांची नोकरी मात्र कायमची गेली. तेव्हा वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींतील स्त्रियांनी घर तोलून धरले. कुणी पापड लाटले, कुणी चार डबे केले, कुणी नगावर काजबटण आणि हातशिलाई केली. त्या दिवसांत टाका मोजला जाई तो पैशासाठी. डोळे दुखले तरी गठ्ठा संपवूनच उठायचे.

आता त्याच घरांतून मुले शिकली, कमावती झाली. दुपारी घटकाभर निवांतपणा मिळू लागला. आणि नवल असे, की ज्या सुईने बोटे रक्ताळली तीच सुई आमच्या भगिनी पुन्हा हातात घेत आहेत. कुणी उशीच्या अभ्रावर गहू टाक्याची वेल भरते, कुणी मॅटीवर फुलीच्या टाक्याने पिंपळपान काढते, कुणी नातवासाठी दुपटे शिवते. आज ते टाके मोजायला कुणी मुकादम नाही. हा आनंद लहान समजू नये.

यावर काहीजण विचारतील, चळवळीतल्या बाईने रुमाल भरत बसावे काय? प्रश्न रास्त आहे. सुईपायी मुलीची शाळा बुडत असेल, सभेला जाणे सुटत असेल, तर ती सुई खुशाल बाजूला ठेवावी. परंतु आपले घर नीटनेटके आणि देखणे असावे, ही इच्छा चळवळीच्या बाहेरची नाही. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे वापरण्यास सांगितले होते. अंगावर काय घालावे, हेही दुसऱ्यानेच ठरवायचे! ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेऊन, जातीची खूण सांगणारी नेसण व दागिने टाकून द्या, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असा उपदेश केला. आमच्या माता-भगिनींनी तो तत्काळ अमलात आणला.

गिरणीतही तोच भेद होता. धोट्यातून दोरा ओढायला तोंड लावावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आमच्या माणसांना विणाईखात्यात घेत नसत. आज दोरा ओठांत ओला करून सुईत ओवताना ही आठवण ठेवावी. हा दोरा आता आपला आहे.

आणि चिंधीची तर लाज मुळीच नको. टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून केलेल्या वस्त्राला पांसुकूल चीवर म्हणतात. विनयपिटकात अशी हकीकत आहे की, मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदाला विचारले, भिक्षूंची चीवरे अशी करता येतील काय? आनंदाने तसे तुकडे जोडून दाखवले आणि तथागतांनी त्याची वाखाणणी केली. भिक्षूच्या चीवराकडे नीट पाहा, त्यात आजही शेताचे वाफे आणि बांध दिसतील.

सुरुवात करायची असेल तर एक सोपा रुमाल भरून पाहा. पांढऱ्या सुती कापडाचा चौरस घ्या. काठाला काठ लावून एक उभी, एक आडवी घडी घाला. मग कोपऱ्याला कोपरा लावून दोन तिरप्या घड्या घाला. उलगडल्यावर मध्यापासून निघणाऱ्या आठ रेषा दिसतील. मधोमध वाटी पालथी ठेवून पेन्सिलीने मोठे वर्तुळ काढा, त्याच्या आत नाण्याने छोटे. झाले आठ आऱ्यांचे धम्मचक्र! सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. वर्तुळे साखळी टाक्याने आणि आरे उलट्या टिपेने भरा. निळा, पिवळा, लाल, केशरी हे चार रंग दोऱ्याचे. पंचरंगी ध्वजाचा पाचवा, पांढरा, कापडाचाच आहे. प्रत्येक आरा भरताना अष्टांगिक मार्गाचे एकेक अंग मुलांकडून म्हणून घ्यावे. हातही चालतो, पाठही होतो.

शेवटी एक गोष्ट घरातील पुरुषांसाठी. भिक्षूजवळ असणाऱ्या आठ वस्तूंमध्ये सुई असते. ती बाईची वस्तू म्हणून कुणी नाकारत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत स्थविर अनुरुद्धांचे चीवर शिवल्याची कथा आहे. महाकाश्यप एका टोकाला, सारिपुत्त मध्ये, आनंद दुसऱ्या टोकाला बसले. भिक्षूंनी सूत काढले आणि स्वतः तथागतांनी सुईत दोरा ओवला.

तेव्हा बंधूंनो, दिवसभराचे काम उरकून आई किंवा पत्नी गोधडी घेऊन बसली, तर वर्तमानपत्र थोडे बाजूला ठेवा. पाण्याचा तांब्या तुम्हीच भरून आणा. आणि आजीला आता बारीक दिसत नसेल, तर तिच्या सुईत दोरा ओवून द्या.