एक कोर्स बंद होतो तेव्हा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. माझे "अं... म्हणजे" आणि मागे वाजणारा कुकर तेवढा काढून टाकलाय.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बीटेकच्या चार वर्षांत कलेच्या इतिहासाशी संबंध शून्य. तरी आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कलेतिहास विभागाबद्दल, आणि तेही २०२० या एकाच वर्षाबद्दल.

येलमध्ये एक लोकप्रिय कोर्स होता: कलेतिहासाची ओळख, रेनेसाँपासून आजपर्यंत. एकेकाळी व्हिन्सेंट स्कली यांनी तो गाजवलेला. जानेवारी २०२० मध्ये बातमी आली की ही शेवटची बॅच. ती शिकवणार होते खुद्द विभागप्रमुख टिम बॅरिंजर.

बंद का? कोर्सचं नाव "कलेचा इतिहास", पण आत बहुतेक युरोप-अमेरिकेतले गोरे पुरुष चित्रकार. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलला नाव एक दिलंय आणि आत साठवलंय भलतंच. मग शेवटी आशियावर एखादं लेक्चर जोडणं म्हणजे नुसता पॅच. विभागाने त्याऐवजी एकाच पातळीवरचे अनेक प्राथमिक कोर्स ठेवायचं ठरवलं: कला आणि राजकारण, जगभरातली हस्तकला, रेशीम मार्ग, पवित्र स्थळं.

ही तक्रार तशी जुनीच आहे. जॅन्सन यांचं १९६२ चं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक घ्या. पहिल्या आवृत्तीत एकही स्त्री कलाकार नव्हती! १९७१ मध्ये लिंडा नॉकलिन यांनी थेट विचारलं की थोर स्त्री कलाकार का झाल्या नाहीत. त्यांचं उत्तर प्रतिभेत नव्हतं. शिकायला प्रवेश कुणाला मिळायचा आणि कुणाला नाही, त्यात होतं.

येलवर टीकाही भरपूर झाली. मायकेलअँजेलो बाद झाला, अशी ओरड झाली. ते खरं नव्हतं, कारण युरोपची कला विभागात शिकवली जाणारच होती. गेलं ते तिचं "डिफॉल्ट" असणं.

मग मार्चमध्ये कोविड. वर्ग ऑनलाइन गेले. कॅम्पसवरच्याच म्युझियममध्ये जाऊन मूळ चित्रासमोर उभं राहायची चैन संपली. शेवटच्या बॅचचा शेवट स्क्रीनवर झाला.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ती विभागात नाही, येलच्याच ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये. तिथलं एलिहू येल यांचं एक जुनं चित्र अभ्यासासाठी भिंतीवरून उतरवलं. त्यात एक गुलाम मुलगा आहे, गळ्यात धातूचं कडं घातलेला. त्या जागी टायटस कफार यांचं २०१६ चं चित्र लागलं. त्यात बाकी सगळे चुरगळलेले, आणि सोनेरी चौकटीत फक्त त्या मुलाचा चेहरा. कडं नाही.

आता आपला धागा बघा. हे एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासचे गव्हर्नर होते. संपत्ती तिथे कमावली. १७१८ मध्ये कॉलेजला पुस्तकं आणि विकून पैसा उभा करता येईल असा माल दिला, म्हणून कॉलेजला त्यांचं नाव. म्हणजे अगदी "इंग्लिश" वाटणाऱ्या त्या चित्रातसुद्धा मद्रास आहेच. मग युरोपची कला एकट्या युरोपची म्हणून शिकवायची कशी?

एक शंका मात्र मला अजून आहे. माझ्यासारखा बाहेरचा माणूस आयुष्यात एकच असा कोर्स घेईल. त्याला चार दारं दाखवलीत, उत्तम. पण हातात नकाशा कोण देणार? जुना कोर्स एकांगी होता, पण सुरुवात कुठून करायची ते तरी सांगायचा. नव्या कोर्सनी हे काम सोडून देऊ नये, एवढंच म्हणणं.

जाता जाता एक प्रयोग. डोळे मिटून आठवतील ती पहिली पाच चित्रं लिहा. माझ्या यादीत पहिली तीन युरोपातली आली. अजिंठा चौथा. आणि अजिंठ्याला मी शाळेच्या सहलीत स्वतः जाऊन आलोय!

तुमची यादी कळवा. भेटू पुढच्या भागात.