गिअरबॉक्सवर आळ घेण्याआधी

ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट 350 बाळगणाऱ्याच्या मनात कधी ना कधी पाच गिअरचा विचार येतोच. उजव्या पायाचा चार गिअरचा ॲल्बियन गिअरबॉक्स उतरवायचा, डाव्या पायाचा पाच गिअरवाला चढवायचा, की गाडी साठच्या पुढे थरथरायची थांबेल, असा हिशेब असतो. तो चुकतो, कारण टॉप गिअर दोन्हींत एकास एकच आहे. पाचवा गिअर आल्याने मधल्या पायऱ्या जवळ येतात आणि घाटात त्याचं सुख मोठं असतं, पण स्प्रॉकेट तेच ठेवलं तर त्याच वेगाला टॉपमध्ये इंजिन तेवढंच फिरणार. पुढचं स्प्रॉकेट सोळाऐवजी सतरा दात्यांचं लावलं तर फेऱ्या सहा टक्क्यांनी उतरतात, तेही अगदी थोड्या खर्चात.

मुळात ही गाडी इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट घडू लागली. इंग्लंडातलं उत्पादन थांबलं तरी इथलं थांबलं नाही. सिलिंडर एक, बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, क्षमता 346 सीसी. एवढा लांब स्ट्रोक मारणाऱ्या पिस्टनचा धक्का फ्लायव्हीलच्या वजनाने पुरता शमत नाही. सगळा शमवायला जावं, तर तोच धक्का वर-खालीऐवजी पुढे-मागे बसू लागतो. कंपनीच्या 350 मध्ये बॅलन्सर शाफ्ट आला तो 2020 च्या मिटिअरमध्ये. तेव्हा जुन्या बुलेटची थोडी थरथर जन्मजातच आहे. शोधायची असते ती वरची, नंतर आलेली.

जाणता मिस्त्री आधी एकच गोष्ट ठरवतो: थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढते की चाकाच्या? साठच्या वेगाला एकोणीस इंची चाक सेकंदाला जेमतेम आठ वेळा फिरतं, तर तीन हजार आरपीएमवर इंजिन पन्नास वेळा. चाकाचा दोष डुलवतो, इंजिनाचा मुंग्या आणतो. मोकळ्या रस्त्यावर साठला क्लच दाबून थ्रॉटल सोडावा. हादरे चालूच राहिले तर टायर, रिम, हबची बेअरिंग, मागची चेन तपासावी. थांबले, तर गाडी स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये रेस करून पाहावी. आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲल्बियनमध्ये टॉप पडला की मेन शाफ्ट आणि स्लीव्ह गिअर एकमेकांत अडकून फिरतात, ले-शाफ्टवर भार उरत नाही. म्हणून जी गाडी टॉपमध्येच सर्वांत जास्त थरथरते, तिच्या गिअरच्या दात्यांना दोष देता येत नाही.

पुढची पाळी फाउंडेशन बोल्टची. या फ्रेमला इंजिनाखालून नळी नाही, तिथला सांधा म्हणजे खुद्द इंजिन. एक बोल्ट ढिला असला तरी अख्खी फ्रेम कापते. हेडला धरणारी पट्टीही पाहावी, कारण बऱ्याच गाड्यांवर ती काढून ठेवलेली सापडते.

मग प्रायमरी. भलंमोठं झाकण एकाच नटावर बसलेलं असतं. नट सोडायचा, तेल खाली धरायचं आणि दुहेरी चेन बोटाने वर-खाली हलवून पाहायची. एकाच जागी पाहून भागत नाही, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. इंजिन थोडं थोडं फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि तिथे साधारण सहा मिलिमीटर खेळ ठेवावा. ढिली चेन धक्के देते, आवळलेली चेन क्रँकच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ आणते.

पॉइंटचा गॅप, टायमिंग, ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा हे तासाभराचं काम आहे, आणि कित्येक गाड्या तेवढ्यावरच शांत होतात. नाही झाल्या, तर सिलिंडर उचलून कनेक्टिंग रॉड हाताने वर ओढावा. बाजूचा थोडा खेळ चालतो, वर-खाली टकटक मात्र चालत नाही. ती लागली तर पैसे आधी क्रँकवर घालावेत. गिअरबॉक्स क्रँककेसच्या पाठीलाच आवळलेला असतो, त्यामुळे दुखऱ्या क्रँकचे झटके प्रायमरी चेनमधून नव्या मेन शाफ्टच्या बेअरिंगवर पहिल्या दिवसापासून बसू लागतात.

हे सगळं निर्दोष निघालं तर पाच गिअर खुशाल बसवावेत. गिअर डावीकडे आला की ब्रेकचा पाय उजवीकडे न्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच धरावा, आणि दोन्ही पायांना नवी सवय लागेपर्यंत गाडी गर्दीत घालू नये.