शिकवणं एकट्यानं शिकायचं नसतं

पीएचडीसाठी अमेरिकेत गेलेल्या कित्येक मराठी मुलामुलींवर पहिल्याच सत्रात पदवीच्या वर्गाला शिकवायची जबाबदारी येते. बर्कली आणि मिशिगन विद्यापीठांत या पदाला ‘ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर’ म्हणतात. विषय पक्का असला की शिकवता येतंच, हा पहिला गैरसमज. गणित स्वतःला सुटणं वेगळं आणि समोरच्याचं नेमकं कुठे अडलंय हे ओळखणं वेगळं. मिशिगन विद्यापीठानं १९६२ मध्येच अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र काढलं, ते याचसाठी.

असे नवशिके शिक्षक एकत्र येऊन शिकवण्याविषयी गट करतात; दुसरा गैरसमज या गटांबद्दल आहे. चार जण जमून विद्यार्थ्यांविषयी तक्रारी करतात, एवढंच त्यांचं स्वरूप, असं अनेकांना वाटतं. चांगला गट मात्र फार काटेकोरपणे काम करतो. प्रत्येकानं आपल्या वर्गातला एक प्रश्न निवडायचा, शिकवण्यात एखादा बदल करायचा, परिणामाचा पुरावा गोळा करायचा आणि तो सगळ्यांसमोर मांडायचा. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सर्टल’ या अमेरिकी विद्यापीठांच्या जाळ्याचा हाच पाया आहे. शिवाय एकमेकांच्या तासाला बसायचं, तेही गुण देण्यासाठी नव्हे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, हे मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत मोजून दाखवलं होतं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात. फळ्यापाशी उभं राहून हा एक सेकंद स्वतःचा स्वतःला कळत नाही. मागच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्याला तो लगेच दिसतो.

‘शिकवण्यात वेळ गेला की संशोधन मागे पडतं’, हा तिसरा गैरसमज; असं मार्गदर्शकही सांगतात. डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान शाखांतल्या विद्यार्थ्यांचे वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे संशोधन प्रस्ताव तपासले. शिकवणं आणि संशोधन दोन्ही करणाऱ्यांची गृहीतकं मांडण्यात आणि प्रयोगांची आखणी करण्यात फक्त संशोधन करणाऱ्यांपेक्षा जास्त प्रगती झाली होती. हा अभ्यास २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला.

राहिला उच्चारांचा प्रश्न. तो आपल्या मुलांना सर्वांत जास्त छळतो. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकी आवाजातलं व्याख्यान ऐकवलं, सोबत फोटो मात्र वेगवेगळे दाखवले. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना ते कमी समजलं! म्हणजे दोष नेहमी आपल्या जिभेचा नसतो. हे एकट्यानं मनात घोळवत बसलं की आत्मविश्वास खचतो. त्याच अनुभवातून गेलेल्यांपाशी बोललं की उपाय सुचतात. मुख्य मुद्दे फळ्यावर लिहिणं हा त्यातला सर्वांत साधा.

यंदा जाणार असाल, तर विद्यापीठात असा गट आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. नसेल तर दोघा-तिघांना सोबत घ्या आणि एकमेकांच्या तासाला बसायला सुरुवात करा.