महाडची अफवा आणि मोबाईलची अफवा

आंबेडकरी संघटनेची बदनामी करायला आज छापखाना लागत नाही. भाषणाचा मागचापुढचा भाग कापून अर्ध्या मिनिटाची चित्रफीत बनवायची, जुन्या मोर्चाचा फोटो नव्या गावाच्या नावाने लावायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चार ग्रुपवर सोडून द्यायचा. संध्याकाळपर्यंत तालुक्यात बोभाटा! मग आपले कार्यकर्ते काय करतात? शिवीला शिवी देतात, आणि तीच शिवी उद्या आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून फिरते.

अफवेचे हे हत्यार आम्हाला नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि महाडात आवई उठवली गेली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार! तेवढ्यावर जमाव लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या प्रतिनिधींवर तुटून पडला. उलट मार देण्याचे बळ आपल्या माणसांत होते, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. म्हणजे ते गप्प बसले काय? मुळीच नाही. हल्लेखोरांना कोर्टात शिक्षा झाली. अवघ्या १४ दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. तळे खाजगी असल्याचा दावा विरोधकांनी लावला, तेव्हा कागदपत्रांनिशी लढून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल मिळवला. संयम, स्वतःचे मुखपत्र आणि पुरावा हे ते तिहेरी उत्तर होते.

१९२० साली ‘केसरी’ने पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. आज मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे, पण त्यावरून संघटनेच्या वतीने बोलायचे कोणी, हे किती संघटनांनी ठरवले आहे? दहा पदाधिकारी दहा तोंडांनी बोलतात आणि विरोधकांचे काम आपणच सोपे करतो. म्हणून प्रत्येक संघटनेने एक अधिकृत पान आणि एक जबाबदार प्रवक्ता नेमावा. खोटी चित्रफीत आली की त्याच दिवशी पूर्ण भाषण, तारीख आणि ठिकाणासह लोकांसमोर ठेवावे. बाबासाहेबांचे वचन टाकताना शासनाने प्रसिद्ध केलेल्या खंडाचा क्रमांक आणि पान द्यावे. आपणच बनावट वचने फिरवली तर आपल्या खऱ्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? संघटनेच्या नावाने कोणी खोटे खाते उघडून वर्गणी मागत असेल तर तक्रार करावी. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे.

पण बांधवांनो, सगळा दोष विरोधकांच्या माथी मारून चालणार नाही. एका गटाने दुसऱ्या गटाच्या नेत्याची टिंगल करणारी चित्रफीत पसरवायची आणि दुसऱ्याने त्याला ‘दलाल’ म्हणायचे, हा खेळ आपल्याच घरात चालतो. मोर्चाला हजार माणसे आली असता लाखाचा आकडा आपणच टाकतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, वर्गणीचा हिशेब विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढले जाते आणि पदाधिकाऱ्याच्या वागणुकीची तक्रार करणाऱ्या भगिनीला ‘चळवळीची बदनामी करू नकोस’ असे सुनावले जाते. खोट्या आरोपाला उत्तर देणे हे चळवळीचे रक्षण आहे. खऱ्या तक्रारीचे तोंड दाबणे ही चळवळीशी गद्दारी आहे. हा फरक ज्या संघटनेला कळत नाही तिला विरोधकांची गरजच नाही.

नाव राखण्यासाठी हल्ली पैसे घेऊन लाईक्स आणि स्तुती पुरवणारेही भेटतात. आमच्या मते त्या पैशांतून वस्तीत अभ्यासिका उघडावी आणि वर्षाचा जमाखर्च त्याच अधिकृत पानावर लावावा. ज्या वस्तीने हिशेब वाचला आहे आणि ज्या वस्तीची मुले त्या अभ्यासिकेत बसून शिकली आहेत, त्या वस्तीत अफवा पोहोचली तर तिला उत्तर देणारी माणसे आधीच तयार असतील.