टसर रेशीम पतंग

टसर रेशीम पतंग (शास्त्रीय नाव: अँथेरिया मायलिट्टा) हा सॅटर्निडी कुळातील मोठ्या आकाराचा, पंखांवर डोळ्यांसारखे पारदर्शक ठिपके असलेला निशाचर पतंग आहे. तो भारतीय उपखंडातील पानझडी वनांत आढळतो. त्याच्या कोशापासून मिळणाऱ्या धाग्यास 'टसर' किंवा 'कोसा' रेशीम म्हणतात. महाराष्ट्रात या पतंगाचा प्रमुख अधिवास विदर्भाच्या पूर्व भागात आहे. वर्धा नदीकाठच्या बल्लारपूरपासून पूर्वेकडे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पसरलेल्या वनांत, तसेच भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत टसर कोशांचे उत्पादन परंपरेने होत आले आहे.

तुतीवरील रेशीमकीटक हजारो वर्षांच्या पाळणुकीमुळे पूर्णतः पाळीव झाला असून त्याचा पतंग उडू शकत नाही. टसर पतंग मात्र आजही वन्य स्वभावाचा आहे. त्याच्या अळ्या उघड्या रानात, जिवंत झाडांवरच वाढवाव्या लागतात. त्यामुळे या पतंगाचे अस्तित्व, त्याचे खाद्यवृक्ष आणि त्याची राखण करणारे समाज या तिन्ही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत.

नाव व वर्गीकरण

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ ड्रू ड्रूरी याने १७७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. 'मायलिट्टा' हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवलेले मेसोपोटेमियातील एका देवतेचे नाव आहे. काही वर्गीकरणतज्ज्ञ या पतंगाचा समावेश लिनियसने १७५८ मध्ये वर्णिलेल्या 'अँथेरिया पाफिया' या जातीत करतात. त्यामुळे दोन्ही नावे वापरात दिसतात.

मराठीत 'पतंग' हा शब्द या गटातील कीटकांसाठी रूढ आहे. पूर्व विदर्भात रेशमाला, कोशाला आणि त्यापासून विणलेल्या कापडालाही 'कोसा' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'कोश' या शब्दाशी संबंधित आहे. त्यावरूनच रेशमी वस्त्रासाठी 'कौशेय' हा शब्द बनला असून त्याची व्युत्पत्ती पाणिनीच्या अष्टाध्यायीत दिलेली आहे.

या जातीत प्रदेशानुसार अनेक स्थानिक वाण आढळतात. 'डाबा', 'सुकिंदा', 'रैली' व 'मोदल' हे त्यांपैकी प्रसिद्ध वाण असून भंडारा परिसरातील वाण 'भंडारा' याच नावाने ओळखला जातो. कोशाचा आकार, रंग, धाग्याची लांबी आणि वर्षातून होणाऱ्या पिढ्यांची संख्या यांत या वाणांमध्ये फरक असतो.

वर्णन

नर व मादी यांच्यात स्पष्ट फरक असतो. मादी आकाराने मोठी व जड असून तिच्या पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण १५ ते १८ सेंटिमीटर भरते. तिचा रंग बहुधा पिवळसर किंवा करडा असतो. नर तुलनेने लहान, तांबूस-तपकिरी व चपळ असतो. चारही पंखांवर प्रत्येकी एक गोल नेत्रठिपका असतो. त्याच्या मध्यभागी खवले नसल्याने तो भाग काचेसारखा पारदर्शक दिसतो व त्याभोवती रंगीत कडी असतात. अशा ठिपक्यांमुळे पक्ष्यांसारखे भक्षक बिचकतात, असे मानले जाते.

नराच्या मिशा पिसांसारख्या रुंद असतात. मादीने हवेत सोडलेला गंध त्यांच्या साहाय्याने तो दुरून ओळखतो. प्रौढ पतंगाला कार्यक्षम मुखावयव नसतात. तो काहीही खात नाही. अळीच्या अवस्थेत साठवलेल्या अन्नावरच त्याचे काही दिवसांचे आयुष्य पार पडते. पावसाळ्यात वनालगतच्या वस्त्यांमध्ये रात्री दिव्यांकडे आकर्षित झालेले हे पतंग दिसू शकतात.

खाद्यवृक्ष

ऐन (स्थानिक बोलीत 'येन') आणि अर्जुन हे महाराष्ट्रातील प्रमुख खाद्यवृक्ष होत. झारखंड, ओडिशा व छत्तीसगढमध्ये साल वृक्षावरही या अळ्या मोठ्या प्रमाणात वाढतात. याखेरीज बोर व इतर काही झाडांची पानेही त्या खातात. चंद्रपूर व गडचिरोलीच्या सागमिश्रित पानझडी वनांत ऐन हा सागाचा नेहमीचा सोबती आहे.

जीवनचक्र

मादी साधारण १५० ते २५० अंडी घालते. आठ ते दहा दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. सुरुवातीला पिवळसर-तपकिरी असलेली अळी पुढे पानांशी मिळत्याजुळत्या हिरव्या रंगाची होते. तिच्या अंगावर चमकदार ठिपके व छोट्या गाठी असतात. अळी चार वेळा कात टाकते व पाच अवस्थांतून जाते. पूर्ण वाढलेल्या अळीची लांबी १० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरते. पावसाळी पिकात ही वाढ सुमारे महिनाभरात पूर्ण होते, तर थंडीत तिला जवळजवळ दुप्पट काळ लागू शकतो.

कोश विणण्यापूर्वी अळी आपल्या धाग्याने एक मजबूत देठ तयार करते आणि त्याचे कडे फांदीभोवती घट्ट बसवते. त्यामुळे पान गळून पडले तरी कोश फांदीला लटकत राहतो. उन्हाळ्यात निष्पर्ण होणाऱ्या वनात तग धरण्यासाठी ही रचना उपयुक्त ठरते. कोश अंडाकृती, टणक आणि पिवळ्या किंवा करड्या रंगाचा असतो.

हिवाळ्यात तयार झालेल्या कोशांतील कोषावस्था पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सुप्त राहते. पावसाळ्याच्या आरंभी हवेत ओलावा आला की पतंग बाहेर येऊ लागतात. त्या वेळी पतंग 'कोकूनेज' नावाचे विकर स्रवतो. त्यामुळे कोशाच्या टोकाकडील धाग्यांना जोडणारा डिंकासारखा पदार्थ विरघळतो व धागे बाजूला सारून पतंगाला बाहेर पडता येते. वाण व हवामान यांनुसार वर्षात एक ते तीन पिढ्या होतात.

नैसर्गिक शत्रू व रोग

उघड्यावर वाढणाऱ्या अळ्यांना अनेक शत्रू असतात. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या, प्रार्थनाकीटक व भक्षक ढेकूण अळ्यांना मारतात. 'उझी' माशी अळीवर अंडी घालते व तिची संतती अळीच्या शरीरात वाढते. एका जातीची परजीवी गांधीलमाशी कोश विणला जात असताना आतील कीटकावर हल्ला करते. त्यामुळे पाळणूक करणाऱ्यांना पिकाच्या संपूर्ण काळात झाडांखाली राखण करावी लागते.

'पेब्रिन' हा सर्वांत घातक रोग होय. तो सूक्ष्म बीजाणूंमुळे होतो व रोगी मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो. फ्रान्समध्ये तुती रेशीमकीटकांवरील याच प्रकारच्या रोगाचा अभ्यास करताना लुई पाश्चर याने १८६० च्या दशकात उपाय सुचवला. अंडी घातलेल्या प्रत्येक मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी आणि केवळ निरोगी मादीचीच अंडी ठेवावीत, असा तो उपाय होता. टसरचे रोगमुक्त अंडीपुंज आजही याच तत्त्वावर तयार केले जातात.

इतिहास

भारतात रेशमाचा वापर फार प्राचीन आहे. हडप्पा व चन्हुदडो येथील अवशेषांत सापडलेले तंतू वन्य रेशमाचे असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. महाराष्ट्रात नेवासे येथील उत्खननात एका ताम्रपाषाणयुगीन बालदफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या दोऱ्यात रेशमाचे तंतू असल्याचे १९६१ च्या तांत्रिक अहवालात नोंदवले गेले.

वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने टसर कीटकाचे सविस्तर वर्णन १८०४ मध्ये प्रसिद्ध केले. कर्नल विल्यम साइक्स याने १८३० च्या दशकात दख्खनमधील या रेशीमकीटकाविषयी लेख लिहिला व त्याचे स्थानिक नाव 'कोलिसुरा' असे नोंदवले. टणक कोशाची नागमोडी पट्टी कापून तिने तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला बांधण्याची रीत मराठी मुलखात होती, हेही त्या काळच्या लेखनातून समजते. अशी पट्टी चामड्याच्या वादीपेक्षा अधिक टिकाऊ समजली जाई. टसरचा नैसर्गिक तपकिरी रंग उजळून त्यावर इतर रंग चढवणे कठीण असे. इंग्लंडमधील रंगारी टॉमस वॉर्डल याने त्यावर प्रयोग केले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगवलेले टसर कापड मांडले.

लोकश्रद्धा

मध्य भारतातील टसर पाळणाऱ्या समाजांत पिकाच्या काळात सोवळे पाळण्याची प्रथा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम क्रुक याने विंध्य परिसरातील मिर्झापूर भागातील प्रथा नोंदवल्या आहेत. त्यांनुसार अंडी घरी आणल्यावर ती शेणाने सारवलेल्या जागी ठेवत. तेव्हापासून घरधनी ब्रह्मचर्य पाळी, खाटेवर झोपत नसे, केस व नखे कापत नसे, अंगाला तेल लावत नसे आणि खोटे बोलत नसे. सिंगारमती देवीला नवस बोलला जाई. अळ्या बाहेर आल्या की घरातील स्त्रिया बाळाच्या जन्माची गाणी गात आणि शेजारच्या सुवासिनींच्या भांगात शेंदूर भरत. पतंगांचे मीलन झाले की लग्नासारखा आनंद साजरा होई. अशा रीतीने कीटकाच्या जीवनचक्रातील प्रत्येक टप्प्याला माणसाच्या संस्कारांची जोड दिली गेली होती.

या नियमांचे मूळ श्रद्धेत असले तरी त्यांतील काही गोष्टी व्यवहारातही उपयोगी होत्या. अंड्यांची जागा स्वच्छ ठेवणे, बाहेरच्यांची ये-जा कमी करणे आणि राखणदाराने घर सोडून रानात राहणे या बाबी पिकाच्या हिताच्याच होत्या. मात्र पेब्रिनसारखा अंड्यांतून येणारा रोग अशा सोवळ्याने टळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाची तपासणीच आवश्यक असते.

मराठी साहित्यातील उल्लेख

भारतीय तत्त्वविचारात रेशीमकीटक हे स्वतःच्याच कृतीने बद्ध झालेल्या जीवाचे प्रतीक मानले गेले. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ.स. १२९०) सहाव्या अध्यायात, आपणच आपला वैरी कसे होतो हे सांगताना कोशकीटकाचा दृष्टांत येतो. दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाची प्रतिमा भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे. निसर्गात मात्र कोश हा कीटकासाठी तुरुंग नसून उन्हाळा पार करण्याचे साधन असते व त्यातून बाहेर पडण्याची सोयही त्याच्याकडे असते. धाग्यासाठी कोश उकळला जातो तेव्हाच कीटक आत मरतो.

पूर्व विदर्भातील पाळणूक

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील आरमोरी हे टसर उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र आहे. या भागात टसर पाळणूक मुख्यतः ढिवर समाज करतो. मासेमारी हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय असून पावसाळा व हिवाळ्यात अनेक कुटुंबे ऐनाच्या रानात मुक्काम करून कोशांचे पीक घेतात. एका झाडाचा पाला संपत आला की अळ्या फांदीसह उचलून दुसऱ्या झाडावर सोडल्या जातात.

पीक हाती आल्यावर उत्तम कोश बियाण्यासाठी वेगळे काढतात. ते माळा करून हवेशीर जागी टांगले जातात व पुढील पावसाळ्यापर्यंत जपले जातात. उरलेले कोश वाफवून किंवा सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केले जातात. पूर्वी स्त्रिया मांडीवर वळून धागा काढत. आता बहुतेक ठिकाणी चाते व यंत्रे वापरली जातात. पतंग बाहेर पडलेल्या फुटक्या कोशांचा धागा सलग निघत नाही, तो कापसाप्रमाणे कातला जातो.

टसरवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९६४ पासून रांची येथे आहे. महाराष्ट्र शासनाचे रेशीम संचालनालय नागपूर येथे आहे.

या धाग्याचे विणकाम प्रामुख्याने कोष्टी समाजाकडे आहे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी व आंधळगाव ही त्यासाठी प्रसिद्ध गावे आहेत. तेथील करवती साडीचे अंग टसरचे व काठ सुती असतो. तीन धोटे वापरून काठ व अंग यांची गुंफण करतात आणि तेथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

संवर्धन

या पतंगाच्या नैसर्गिक वाणांपुढे दोन प्रमुख अडचणी आहेत. वनातील कोश पतंग बाहेर येण्यापूर्वीच वेचले गेले तर पुढील पिढी घटते. तसेच ऐन व अर्जुन यांची तोड झाली की अधिवासच नष्ट होतो. अधिक उत्पादन देणारे मोजकेच वाण सर्वत्र पाळले गेल्यास स्थानिक वाण मागे पडण्याचा धोकाही असतो. स्थानिक वाण तेथील हवामानाला सरावलेले असल्याने त्यांचे जतन भावी प्रजननकार्यासाठी महत्त्वाचे मानले जाते.

वनांवरील हक्कांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या व्याख्येत टसर व कोश यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. अनुसूचित जमातींत नसलेल्या वननिवासींना मात्र वैयक्तिक हक्क सांगताना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात भटक्या जमातींमध्ये गणल्या जाणाऱ्या ढिवर समाजाला ही अट लागू होते. टसरची पाळणूक घरात किंवा शेडमध्ये हलवता येत नसल्याने उभ्या झाडांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हाच या व्यवसायाचा पाया आहे. बियाण्याचे कोश जपणारी कुटुंबे हा व्यवसाय सोडून गेली, तर स्थानिक वाणांची राखण करणारेही उरणार नाहीत.